खिळा उठत नाही

सूर्याचा वारा जिथे संपतो, त्या हद्दीवरून सुटलेले अणू टिपायचे आणि त्यांचा नकाशा काढायचा, हे तिचं काम. या अणूंवर विद्युतभार नसतो, त्यामुळे ते कुठल्याही चुंबकाला न जुमानता नाकासमोर सरळ येतात. पोचायला वर्षं लागतात. तिला ते आवडायचे. तीही कुणाला जुमानत नसे, एकदा बसली की जागची हलत नसे. म्हणून तर ऑफिसात तिचं नाव ‘खिळा’ पडलं होतं.

एका नकाशात डाग उमटला: खुर्चीत बसलेली बाई, गालावर हात. खिळा अगदी तश्शीच बसली होती.

“धूळ असेल,” सर म्हणाले.

पुढचा नकाशा येताना तिने मुद्दाम कचऱ्याची बादली डोक्यावर घातली. नकाशातल्या बाईच्याही डोक्यावर बादली होती. ते अणू निघाले, तेव्हा ही बादली विकतसुद्धा आणलेली नव्हती.

आज नकाशात नुसती खुर्ची होती.

“बाई उठून गेली वाटतं,” सर हसले. “चल, कॉफी घेऊ.”

“तुम्हीच आणा. मी उठणार नाही.”

“अगं, पण...”

“कित्येक वर्षांपूर्वी निघालेल्या अणूंनी मला सांगायचं, कधी उठायचं ते? जमणार नाही!” तिने केबल घेतली आणि स्वतःला खुर्चीला करकचून बांधलं.

सर दोन कप घेऊन परतले. त्यांना खुर्ची रिकामी दिसली.

“गेलीच शेवटी उठून,” ते पुटपुटले. “केबलसुद्धा न सोडता!”

“सर, मी इथेच आहे!” खिळा ओरडली.

सरांनी कप टेबलावर ठेवले, तीच खुर्ची जवळ ओढली आणि निवांत बसायला वळले.