शेजारची गादी

“टोपी सरळ कर. हैदराबादेहून अकौंटंटचं सर्टिफिकेट आणलंस, पण टोपी काही धड बसंना तुझी.” अंबादासराव पोराच्या कानाशी कुरकुरत होते. वसमतच्या त्या आडतीवर मुनीमगिरी करता करता त्यांचे केस पिकले होते. दिगंबरला तिथंच नोकरी लागली होती आणि शेठजींकडं शब्द टाकला होता तो त्यांनीच.

दिवाळीच्या पाडव्याला नव्या वह्यांची पूजा झाली. अंबादासरावांनी घरच्या कापसाची, मुद्दाम भरून घेतलेली नवी गादी आपल्या गादीशेजारी अंथरली. वरून दोनदा हात फिरवला.

“बस. अडलं की मला इचारायचं, लाजायचं न्हाई. शेठजी, आता बघा, बाप-लेक मिळून कसं काम करतेत!”

शेठजी पानाच्या डब्यात सुपारी धुंडाळू लागले. हमाल काट्यापाशी उगाच घुटमळले. दिगंबर उभाच होता.

“काहून रे, बस की.”

“आप्पा, तुमी उठा,” दिगंबर म्हणाला. “जागा एकच हाय. तुमाला काढून मला घेतो म्हणले शेठजी, अन् मी व्हय म्हणलो.”