ग्रुपवर टाकलंय

मैदानात खो-खोचे खांब नव्हतेच, मांडवाचे होते. गडी पहारीनं खड्डे घेत होते आणि राजनंदिनी फाटकातच बॅग पोटाशी धरून उभी राहिली.

"हितंच हुतं ना गं?" आप्पांनी विचारलं.

"इथंच. दहा वाजता."

जिल्ह्याच्या संघाची निवड आज होती. वर्षभर जिच्यासाठी गुडघे फोडून घेतले ती! बेलापूरहून पहाटेच्या एसटीनं बापलेक नगरला आले, तर इथं चिटपाखरू नाही.

तिनं खिशातून फोन काढला. जुना, जाडजूड, विंडोजवाला. त्यावरचं व्हॉट्सॲप बंद पडून वर्षं लोटली होती. दिवाळीत आप्पा नवा घेऊन देत होते, तर हिनंच मान उडवली होती. "कशाला? विहिरीच्या काठावरून पडला, तरी चालू आहे. आणि अख्ख्या वर्गात असा कुणाकडे आहे का?" पोरी डबडं म्हणायच्या, ही खदाखदा हसायची. मैत्रीण निकिता मिसकॉल द्यायची, तेवढ्यावर भागायचं. मिसकॉल म्हणजे 'निघाले', आणि तो उचलायचा नाही, हे दोघींचं ठरलेलं.

आज एसटी राहुरीच्या पुढं असताना निकिताचा मिसकॉल आला होता. मग आणखी एक. मग आणखी. ठरल्याप्रमाणे राजनंदिनीनं एकही उचलला नव्हता. उलट हसून आप्पांना म्हणाली होती, "किती घाई झालीय बघा हिला!"

आता तिनं उलटा फोन लावला. नुसता वाजत राहिला. निवड घेणाऱ्या शेळके सरांचा तर बंदच.

"खो-खोच्या पोरी कुठं गेल्या वो?" आप्पांनी मांडववाल्याला विचारलं.

"त्या व्हय? भिंगारच्या शाळंवर. ग्रुपवर टाकलंय म्हनत हुते सर."

आप्पांनी रिक्षाला हात केला. रिक्षात बसल्यावर तिलाच राहवेना. "बोला की आता! नवा घ्यायला पाहिजे होता म्हणा."

"आधी दोन घोट पानी पी," आप्पा म्हणाले.

भिंगारला पोचली तेव्हा पहिली तुकडी पळून बाहेर आली होती. निकिता धावतच आली. "किती रिंगा दिल्या गं तुला! उचलायचा ना!"

"मला वाटलं, निघालीस."

शेळके सरांनी तिच्या हातातल्या फोनकडे पाहिलं. "मेसेज नाही बघितला?"

"याच्यात दिसत नाही, सर."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. सरांनी मात्र शिट्टीनंच आत जायची खूण केली. "शेवटच्या तुकडीत. जा."

मग पळाली ती! खांबाला वळसा मारून दोघींना चकवलं, एकदा तोंडावर आपटली, तोंडातली माती थुंकत उठली, पुन्हा पळाली. आप्पा कुंपणापाशी उभे होते, टाळी वाजवायचं विसरून.

"नावं संध्याकाळी ग्रुपवर येतील," सरांनी सगळ्यांना सांगितलं. "लगेच 'येते' म्हणून कळवायचं. जिचं उत्तर नाही, तिच्या जागी दुसरी." मग ते राजनंदिनीकडे वळले. "तुझं काय? एकेकीला फोन करत बसायला मला वेळ नाही."

"मी कळवते ना हिला," निकिता म्हणाली.

"तू मिसकॉल देशील," राजनंदिनी म्हणाली. तिनं बॅग व्हरांड्याच्या पायरीवर ठेवली. "सर, मी इथंच बसते. तुम्ही हाक मारा." सर याद्या घेऊन खोलीत गेले.

पोरी एकेक करून गेल्या. ऊन भिंतीवर चढलं. बेलापूरची एसटी निघून गेली असणार, पण आप्पांनी गाडीचं नाव काढलं नाही. ते पायरीवर लेकीशेजारी बसून राहिले.

खोलीचं दार उघडलं. शेळके सर व्हरांड्यात आले, चष्मा कपाळावर सरकवला, खिशातून मोबाईल काढला आणि खाली मान घालून अंगठ्यानं ग्रुपवर नावं टाकू लागले.

पायरीवर राजनंदिनी उठून उभी राहिली.