घारीच्या माश्या

"हेमांगी, ही बघ, आणखी एक." दिगंबरने मानेवरून चपटी माशी ओढून काढली. बोटांत चिरडली तरी ती मेली नाही. तिरकी पळत त्याच्या बनियनमध्ये शिरली.

मांजाने पंख चिरलेली घार त्याच्या बायकोने, हेमांगीने, घरी आणली, तेव्हापासून हेच चाललं होतं. घारीचं रक्त पिऊन जगणाऱ्या या माश्या उशीत सापडायच्या, टॉवेलात सापडायच्या. काल त्याच्या ऑफिसच्या शर्टातून एक निघाली होती, भर मीटिंगमध्ये.

"आजच्या आज तिला वनखात्याकडे पोचव," तो म्हणाला. "नाहीतर मी दादाकडे राहायला जातो."

बोलता बोलता त्याच्या मनगटावर तीन माश्या एकदम येऊन बसल्या. त्या पाहून हेमांगीचा चेहरा उतरला.

"अरे, या तिला सोडून चालल्यात. पक्ष्याचं अंग गार पडायला लागलं की माश्या निघून जातात."

बाल्कनीतल्या खोक्यात घार डोळे मिटून कलंडली होती.

दिगंबर स्वयंपाकघरात गेला. गरम पाण्याची पिशवी भरून आणली, फडक्यात गुंडाळली आणि घारीला तिच्यावर टेकवून शेजारी बसला. "माझ्या कमरेसाठी घेतली होती ही पिशवी," तो पुटपुटत राहिला. "या घरात माझं म्हणून काही उरलेलं नाही."

बऱ्याच वेळाने घारीने डोळे उघडले आणि त्याच्या अंगठ्यात नख्या रुतवल्या. हेमांगी सोडवायला धावली.

"राहू दे," तो दात आवळून म्हणाला. "जोर आलाय तिला."