हात कोणाचा

“गिलायची नाय मी. पोर अंगावर पितंय,” शेवंतीनं टेबलापाशी उभ्या उभ्याच अट घातली. “तोंडात घोलवीन आन् थुंकीन. चालत असंल तर सांगा, नायतर ही चालले.”

फौजदारांनी तिच्या खांद्यावर झोपलेल्या चार महिन्यांच्या शकूकडे पाहिलं.

“खिडकीबाहेर थुंक. चौकीत नको.”

दारूबंदीचं दुसरं वर्ष चालू होतं. डोंबिवलीच्या खाडीकडच्या त्या चौकीत शेवंतीची सासू रंगूबाई सकाळपासून गजांआड बसली होती. झोपडीत मडकं सापडलं, पण हवालदार मारुतीनं उत्साहाच्या भरात ते तिथंच काठीनं फोडलं. आतलं सगळं रेतीत जिरलं. उरली ती टेबलावरची काळ्या काचेची एकच बाटली. आणि रंगूबाईचं म्हणणं, मडक्यात पेज होती, बाटली कोणाची मना ठाव नाय.

पंचनामा झाला की बाटलीला लाख लागणार होती. मग ती तपासणीला मुंबईला जाणार आणि म्हातारी सहा महिने तुरुंगात.

बाटलीत होती ती मसाल्याची दारू. तांदूळ, गूळ आणि मसाला घालून मुरवलेली, काळसर, फेसाळ. ती करणाऱ्या बाईचा हात तिच्यात उतरतो, असं पाड्यावरच्या बायका मानत. एकाच विहिरीचं पाणी, एकाच दुकानातला गूळ, तरी दोघी जावांची मसाल्याची कधी एकसारखी लागायची नाही. हळदीच्या दिवशी डोळे मिटून चाखायची आणि हात ओळखायचा, हा तर खेळच. त्यात शेवंती कधी हरली नव्हती. सासूशी तिचं पटत नाही, हेही साऱ्या पाड्याला ठाऊक होतं. त्यामुळे ‘मी हात ओळखते’ म्हणत ती आपणहून आली, तेव्हा फौजदारांना नवल वाटलं नाही.

“आली सटवी,” गजांमागून रंगूबाई म्हणाली. “मना आत घालून चूल मोकली करतेय.”

“तुमी गप ऱ्हावा, आत्या.”

शेवंतीनं पेला भरला. फौजदारांच्या भुवया वर गेल्या.

“थेंबानं काय कलतंय, साहेब? गाल भरले पायजेत.”

तिनं डोळे मिटले. घोळवलं. खिडकीबाहेर थुंकली.

“पयली गोड. काला गूल, कडेला जरा करपलेला. मग फेस चावतो जिभेला, मुंग्या चालल्यावानी.”

फौजदार खाली मान घालून लिहू लागले. त्यांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. नुसत्या बोलण्यातून ती अशी समोर उभी राहते, याचंच त्यांना अप्रूप वाटत होतं.

“पुढे?”

“धने हायेत. भाजलेले नाय, नुसते ठेचलेले. लवंगाबी हायेत. किती, ते परत घेतल्याबिगर नाय सांगता यायचं.”

“घे की मग.”

“मोज, मोज,” रंगूबाई म्हणाली. “माज्या तेराव्याला किती लागतील, तेबी मोजून ठेव.”

बाकावर दोन पंच बसले होते, दगडू आणि काळुराम. दगडूनं ओठांवरून जीभ फिरवली. “साहेब, बाईमानसाच्या जिभेवर कुठं इसवास ठेवता? मी बघतो जरा.”

“तू पंच आहेस. पंचासारखा बस.”

“चार लवंगा,” शेवंती तोंड पुसत म्हणाली. “आन् संत्र्याची साल. तिचा कडूपना मागून येतो, घशाशी बसतो. सावलीत वालवलीय.”

फौजदारांची लेखणी थांबली. “रंगूबाई सावलीत वाळवते?”

“आत्या सावलीतच वालवतात. पर त्यांची जाऊ तुलसाबी तसंच करते. दोघींची वेगवेगली कराया अजून दोन पेले लागतील.”

शकू कुरकुरली. शेवंतीनं तिला छातीशी धरलं आणि एका हातानं पेला भरला. तोंडात लवंगेची धग, पोटाशी पोरीची ऊब. आत्या सहा महिने नसल्या, तर मिठागरावर जाताना हिला कोणाच्या मांडीवर द्यायचं? तो विचार तिनं घोटाबरोबर गालात धरला आणि घोटाबरोबरच बाहेर थुंकला.

“कडक हाय. गिलली नाय तरी कानाच्या पाल्या तापल्या. आन् समद्यात शेवटी सुंठ. फेस गेला, गोडी गेली, तरी ती जात नाय.”

“तुळसा सुंठ घालते?”

“थांबा. घाई नका करू. एका बाईच्या जिवाचा सवाल हाय.”

हे फौजदारांना पटलं. त्यांनी तिसरा कागद घेतला, मग चौथा. शेवंती घोळवत होती, थुंकत होती, सांगत होती, आणि ते एक अक्षरही सुटू न देता उतरवून घेत होते.

अखेर तिनं पेला पालथा घातला आणि पदरानं ओठ टिपले.

“बोल आता. हात कोणाचा?”

शेवंतीनं त्यांच्या डोळ्याला डोळा दिला.

“आत्यांचाच. असा हात साऱ्या खाडीवर दुसरा नाय.”

 रंगूबाईनं कपाळावर हात मारला. शेवंतीनं न विचारता अंगठा शाईत बुडवला आणि चौथ्या कागदाखाली दाबून उठवला.

“शाबास,” फौजदार म्हणाले. “तुझ्यासारखी साक्षीदार मी पाहिली नाही. मारुती, लाख वितळव.”

शेवंती गजांपाशी गेली.

“आत्या, उठा. लुगडं झटका आन् पोरीला घ्या. आपल्याला घरी जायचंय.”

“थट्टा करतेस होय गं माजी?”

फौजदारांनाही हसू आलं. मारुतीनं लाख वितळवली आणि बाटली उचलली. ती कानाशी नेऊन हलवली, उजेडाकडे धरून पाहिली, आणि मग साहेबांच्या चार पानी पंचनाम्यावर पालथी केली. कागदावर एक थेंबही पडला नाही.