आखाड्याचं पाणी

आष्टीच्या चारा छावणीत दुष्काळात दूध संघाने कुस्त्यांचं मैदान भरवलं. संघाची निवडणूक तोंडावर होती. पुकारा करणाऱ्या बद्रीनाथला ताकीद एकच: मैदान गप्प झालं की अध्यक्षांचं नाव घ्यायचं. "मंडप अध्यक्षसाहेबांकडून!" तो पुकारत राहिला. "हलगी अध्यक्षसाहेबांकडून!" दुपारी छावणीचा टँकर सरळ आखाड्याकडे वळला. धुरळ्यात फोटो बिघडतील म्हणून सगळं पाणी मातीवर मारलं. "अन् जनावरांला?" रिकामी बादली घेऊन उभ्या छबुबाईने विचारलं. "उद्या बघू, मावशे," संघाचा माणूस म्हणाला. पहिली जोड भिडणार, तोच छबुबाई आपला बैल घेऊन आखाड्यात शिरली. "ह्याला कावून आणलं?" पंच खेकसला. "पानी पाजायला." बैल ओली माती चाटू लागला. हलगी थांबली, मैदान चिडीचूप झालं. बद्रीनाथच्याही म्हशी छावणीतच होत्या. त्याने माईक तोंडाशी धरला आणि ठरल्याप्रमाणे पुकारलं, "पाणी अध्यक्षसाहेबांकडून!"