खिडकीतून गेलेली वायर

विष्णुपंतांनी बटण बंद केले.

खिडकीतून अंगणात गेलेली काळी वायर जागची हलली नाही. तिच्या दुसऱ्या टोकाला उभी असलेली मुकुलची विजेवर धावणारी मोटारगाडीही हलली नाही; मात्र आता तिच्या पोटात काहीही जात नव्हते. साडेदहा वाजले होते. मुकुल दोन वाजता मोटार न्यायला येणार होता. विष्णुपंत शांतपणे खुर्चीवर येऊन बसले. आपल्या हातून घडले ते अनवधान नव्हे, हे त्यांना ठाऊक होते. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाकडून अनवधान होत नाही.

व्यवस्था साधी होती. जवळा बाजार या गावात त्या वर्षी, म्हणजे दोन हजार पाच साली, दिवसाचे दहा-अकरा तास भारनियमन असे. गावाच्या दोन भागांतली वीज पाळीपाळीने जाई. मुकुलच्या आळीत सकाळी वीज नसे, विष्णुपंतांच्या आळीत असे. मुकुल जनावरांचा डॉक्टर. तीन महिन्यांपूर्वी त्याने ही इवलीशी, दोन दारांची मोटार पुण्याहून ट्रकवर चढवून आणली. आठवड्याभरात तो दारात येऊन उभा राहिला. "काका, मोटार भरायला तुमच्याकडची वीज मिळेल का? माझं दुसरीकडे कुठं जमत नाही." विष्णुपंतांनी त्याच दिवशी खिडकी उघडून दिली.

उपकार करणाऱ्याने उपकृतावर जळू नये, असा संकेत आहे. विष्णुपंत जळत होते. पूर्वी याच अंगणात माणसे अर्ज लिहून घ्यायला उभी राहत. पाणीपाळीचा तंटा असो की सातबाऱ्यावरची चूक. आता माणसे जमत ती मोटार पाहायला. मोटार आवाज करीत नाही, म्हणून रस्त्यात बसलेली म्हैस उठत नाही. तेव्हा तांड्यावरच्या रूपाबाईने मोटारीच्या नाकाडावर बैलाची घुंगरमाळ बांधून दिली. ही हकीकत विष्णुपंतांनी एका दिवसात चौघांकडून ऐकली. त्यांची स्वतःची हकीकत कोणी कोणाला सांगत नव्हते.

सर्वांत अधिक खुपत होते ते वेगळेच. अनुसूयाबाई मुकुलला चहा देत आणि दारात उभ्या राहून त्याच्याशी हलक्या आवाजात बोलत. विष्णुपंत आले की बोलणे थांबे. बत्तीस वर्षांच्या संसारात पत्नी आपल्याशी इतक्या हलक्या आवाजात कधी बोलली होती, हे त्यांनी आठवून पाहिले. आठवले नाही.

दोन वाजता मुकुल आला. मोटारीत बसला, समोरच्या काट्याकडे पाहून थबकला आणि त्याने एकदा खिडकीकडे पाहिले. मग "येतो, काका," एवढेच म्हणून तो तांड्याकडे निघून गेला. तिथे गुरांना लस टोचायची होती.

चार वाजता विष्णुपंत काठी घेऊन त्याच रस्त्याने निघाले. फजिती पाहायची तर ती स्वतःच्या डोळ्यांनी.

कार्तिक महिना होता. येणाऱ्याजाणाऱ्या वाहनांच्या चाकांनी मळणी व्हावी म्हणून तांड्यावरच्या लोकांनी डांबरी रस्त्यावर सोयाबीन पसरले होते. त्या पसाऱ्याच्या मधोमध मोटार बंद पडलेली होती. मुकुल एका हाताने स्टिअरिंग धरून बाहेरून ढकलत होता, आणि त्याच्यामागे दहा-बारा माणसे जोर लावीत होती.

"सायब, हिला बी एक सुई टोचा ना!" तांड्यावरचा नेमसिंग ओरडला.

"सुईनं काय होतंय? कडबा टाका तिला," रूपाबाई म्हणाली. "आन् ढकला की बराबर सोयाबीनवरून! तेवढीच आमची मळणी होऊन राहिली."

हशा उसळला. मुकुल सगळ्यांत मोठ्याने हसला. बंद पडलेल्या मोटारीचीही मिरवणूक निघते, हे पाहून विष्णुपंतांचा जीव अधिकच जळला.

"पण बंद काहून पडली, डाक्टरसायब?" नेमसिंगने विचारले. "परवा तर हट्टा गावाला जाऊन आली."

मुकुलची नजर विष्णुपंतांवर पडली.

"चूक माझीच," तो म्हणाला. "सकाळी बटण दाबायलाच विसरलो."

मोटार कडेला लागली. नेमसिंग बैलजोडी आणायला गेला. बाकीचे सोयाबीन सावरायला परतले. रस्त्याच्या कडेला दोघेच उरले.

"बटण मी बंद केले," विष्णुपंत म्हणाले. खोटे त्यांना सहन होत नसे. दुसऱ्याने आपल्यासाठी बोललेले तर मुळीच नाही.

"काटा पाहिला तेव्हाच कळलं, काका."

"मग चारचौघांत तसे म्हणायचे होतेस! उद्यापासून वायर आणू नकोस. खिडकी उघडणार नाही. माझ्यावाचून तुझी मोटार जागची हलत नाही, एवढे तरी गावाला कळू दे."

मुकुलने हातांची धूळ झटकली. बोलावे की बोलू नये, याचा निर्णय त्याला करता येत नव्हता.

"काका, आमचा दवाखाना पाणीपुरवठ्याच्या लाइनीवर आहे. तिथली वीज कधी जात नाही. मोटार तिथं दारातच भरता येते."

विष्णुपंतांनी काठी जमिनीवर टेकली. "मग रोज माझ्या दारात येतोस तो कशासाठी?"

"काकूंनी सांगितलं होतं," मुकुल म्हणाला. "म्हणाल्या, हे निवृत्त झाल्यापासून घरी कोणी काही मागायला येत नाही, तू तरी रोज येऊन काहीतरी मागत जा."