सरावाचा कंटेनर

पलूसच्या सम्मेदनं घरच्या पाककृतींचं विकी, म्हणजे कुणीही भर घालावी अशी फोनवरची वही, दोन कंटेनरमध्ये, म्हणजे संगणकातल्या दोन वेगळ्या डब्यांत, उभं केलं. एक सगळ्या भावकीसाठी, आणि दुसरं आई नि सुंदरीकाकीचा हात बसावा म्हणून सरावाचं. "ह्यात काय बी लिवा," तो म्हणाला. "रोज सकाळी जुना कंटेनर काढून मी कोरा लावतो. कालचं काय बी मागं ऱ्हात न्हाई."

काकी दुपारी सराव करायची. सम्मेदची आई त्रिशलाबाई, म्हणजे काकीच्या थोरल्या जाऊ आणि तिच्या तोंडच्या 'आक्का', मात्र दिवस मावळायच्या आत जेवणं उरकून फोन घेऊन बसायच्या. पाककृती एकही नाही. जात्याला सांगावं तसं मनातलं सांगायच्या आणि हलक्या होऊन झोपायच्या. काल लिहिलं, "सुंदरीची आमटी लय मिळमिळीत. मला, थोरल्या जावेला, वाढायचं म्हटलं की हिचा हात आखडतोय."

आज संध्याकाळी सम्मेद कौतुकानं म्हणाला, "आई, तुमी दोघी एवढा सराव करताय, म्हणून पुसणंच बंद केलं. आता कंटेनर बदलला तरी लिवलेलं बाहेर डिस्कवर जपून ऱ्हातंय."

"आरं मुडद्या! सुंदरीनं दुपारी उघडलं आसंल की रं!"

त्यांनी घाईघाईनं पान उघडलं. आमटीचं वाक्य जागेवरच होतं. सुंदरीनं ते खोडलं नव्हतं. विकीच्या रीतीनं खाली फक्त भर घातली होती:


"ही आमटी आक्का जेवायला आसल्या तरच करायची. त्यांच्या पोटाला तिखट सोसत न्हाई."